आमचे एक शेजारी

आज सकाळी पडदा सरकवला तर समोरची इमारत नव्हती. खालच्या गाड्या नव्हत्या, फाटक नव्हतं. दूधवाल्याच्या शटरचा आवाज तेवढा आला. जानेवारीत राजधानीतल्या आमच्या द्वारकेत हे होतंच. धुकं जमिनीतून वर येतं की आकाशातून खाली उतरतं, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही. विमानतळ जवळ असल्यामुळे एरवी दर पाच-सात मिनिटांनी डोक्यावरून घरघर जाते. दाट धुक्यात ती थांबते, आणि मग घरातले बारीक आवाज ऐकू येऊ लागतात. गिझरची टिकटिक, कुकरची शिटीआधीची फुरफुर, बाहेरच्या खोलीत श्रीधरचं वर्तमानपत्राची घडी मोडणं.

हल्लीच्या धुक्याला जळका वास असतो. ते घशात बसतं. आमची मुलगी मुक्ता बंगळूरहून फोन करते तेव्हा आधी हवेचा आकडा विचारते आणि मग तब्येत. पण रंग तोच आहे, पाणी घातलेल्या दुधाचा. तो दिसला की दरवर्षी मला एकच हिवाळा आठवतो. आठवतो म्हणणंही साळसूदपणाचं होईल. तो हिवाळा येऊन समोर उभा राहतो आणि मी नजर चुकवते.

त्या वर्षी आम्ही आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून इथे आलो होतो. श्रीधर, माझा नवरा, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. सोसायटीचा फ्लॅट बारा वर्षं वाट पाहून एकदाचा ताब्यात आला होता. आर. के. पुरमला खाली तमिळ बिऱ्हाड, समोर बंगाली, वर गढवाली. जिन्यात चार प्रांतांच्या फोडण्यांचे वास. इथे ऐंशी फ्लॅट आणि त्यातल्या अकरा घरांत दिवे. चारी बाजूंना अर्ध्या इमारती, त्यांच्या डोक्यावर उघड्या सळया, कच्चा रस्ता, दिवसाआड येणारा पाण्याचा टँकर. ओळखीचे म्हणत, "अरे, जंगल में चले गए आप लोग!" मुक्ता तेव्हा अकरावीत होती. ती रोज सकाळी बसला निघताना म्हणायची, "आई, इतका कोहरा आहे, काही दिसतच नाही यार, कुठे आणून ठेवलंय तुम्ही?" धुकं हा शब्द तिला यायचा नाही. मी दर वेळी दुरुस्त करायची आणि ती दर वेळी "हां हां, तेच" म्हणायची.

आणि त्याच हिवाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, श्रीधरने खेळणी करायला सुरुवात केली.

सुरुवात टँकरची वाट बघताना झाली. शेजारच्या बांधकामावर सळया बांधायची काळी तार पडलेली असे, तिचा एक तुकडा त्याने उचलला आणि रांगेत उभ्या उभ्या वाकवत बसला. घरी आला तेव्हा बादली एका हातात आणि दुसऱ्या हातात तारेची एक बाई होती, पदर खोचलेली. मग पक्कड आली, रंगाच्या डब्यांची झाकणं आली, पाइपचे तुकडे आले. रविवारची अख्खी सकाळ तो गॅलरीत गोधडीवर बसायचा. पंधरा-वीस दिवसांनी त्याने मला बोलावून एक लाकडी फळी दाखवली. तिच्यावर तारेची सात माणसं बादल्या घेऊन ओळीत उभी होती. बाजूची दांडी फिरवली की एकेक जण पुढे झुकायचा, बादली खाली, बादली वर. मधली बाई मात्र झुकायची नाही. ती मान वर करून बघायची.

"ही का वर बघते?" मी विचारलं.

"कंटाळलीय," तो म्हणाला. "तिला वाटतंय, विमानातून कुणीतरी आपल्याकडे बघतंय."

"आणि हे कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे?"

"अरे, मुक्ता सोळाची आहे. खेळणी कुणासाठी करतोयस?"

तो गोंधळला. पक्कड उघडझाप करत राहिला. मग म्हणाला, "असंच गं. ऑफिसात आयुष्यभर जे आहे तेच लिहीत आलो. जे नाही ते लिहिलं तर मेमो मिळतो. तार हातात घेतली की जे नाहीये ते सुचतं. मजा येते."

मी "अच्छा" म्हणाले आणि कणीक मळायला गेले.

हे सांगताना माझा पेशा सांगायलाच हवा, नाहीतर गोष्टीला अर्थ नाही. मी पूर्वी शाळेत शिकवत असे. नव्वदीत नव्या कंपन्या आल्या, गुडगावच्या शेतांतून काचेच्या इमारती उगवल्या, आणि तिथल्या लोकांना बोलायचं कसं, वागायचं कसं, विचार करायचा कसा हे शिकवणाऱ्या छोट्या छोट्या संस्था निघाल्या. तशा एका संस्थेत मी गेले. माझा विषय होता 'क्रिएटिव्ह थिंकिंग'. बाहेरून आलेल्या एका जाड पुस्तिकेच्या झेरॉक्सवरून मी मोठ्या माणसांना कल्पना कशी करायची ते शिकवत असे. विटेचे वीस उपयोग सांगा. डोळे मिटा आणि तुम्ही ढग आहात असं समजा. चुकायला घाबरू नका, तुमच्यातलं लहान मूल जागं करा. हे सगळं मी साडीला ब्रोच लावून, हातात मार्कर घेऊन, अगदी मनापासून सांगत असे. स्वतः एकदाही डोळे मिटून ढग झाले नव्हते. विटा तर गॅलरीतून चहूकडे दिसत, त्यांचा माझ्या लेखी एकच उपयोग होता, त्या लवकर लागाव्यात आणि धूळ थांबावी.

घरात एक माणूस तेच करत होता जे मी बाहेर शिकवत होते. पण ते माझ्या पुस्तिकेतल्यासारखं दिसत नव्हतं. त्याच्या मांडीवर तारेचे तुकडे असत, स्वेटरच्या कोपरांना गंजाचे डाग असत, आणि काम रंगात आलं की जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येई. लग्नाआधी, मराठी मंडळींच्या गणपतीत तो आरास करताना मी ते जिभेचं टोक पहिल्यांदा पाहिलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला सोसायटीचे सेक्रेटरी बत्रा साहेब घरी आले. सव्वीस जानेवारीला पहिलाच कार्यक्रम करायचा होता. त्यांनी टँकरची रांग पाहिली, दांडी चार वेळा फिरवली, आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "श्रीधर जी, ये तो कमाल है! एक पूरी टेबल आपकी." श्रीधर लाजला. बत्रा साहेब गेल्यावर बराच वेळ नुसताच येरझारा घालत होता. मग त्याने मोठं काम काढलं. आमचीच इमारत. चार मजले, पुठ्ठ्याच्या भिंती, पत्र्याच्या खिडक्या. दांडी फिरवली की एकेक खिडकी उघडणार आणि आतून कुणीतरी डोकावणार. अकरा घरांतली माणसं आम्ही ओळखत होतो. बाकीच्या रिकाम्या घरांत, अजून राहायला न आलेली माणसं तो मनाने आणून बसवत होता. एक टक्कल पडलेला तबलजी. दोन बहिणी, एकमेकींशी न बोलणाऱ्या. एक आजोबा, नातवाच्या शाळेचा डबा स्वतःच खाणारे.

"तिसऱ्या मजल्यावर कोण येईल असं वाटतं तुला?" एका संध्याकाळी त्याने मला विचारलं.

"कुणीही येवो," मी म्हणाले, "मेंटेनन्स वेळेवर देणारं येवो."

मुक्ता हसली. तोही हसला. पण पुन्हा त्याने मला कधी विचारलं नाही. नंतर तो मुक्तालाच विचारायचा, आणि ती अभ्यास टाकून सांगत बसायची, "बाबा, एक एअर होस्टेस पाहिजे, जिला उंचीची भीती वाटते." दोघं गॅलरीत खिदळत असत. मी आतून ओरडायची, "मुक्ता, फिजिक्स!"

लहान मुलाने चिखलाची भाकरी केली तर आपण ती खाल्ल्यासारखं करतो, वर मिटक्या मारतो. तीच मोठ्या माणसाने केली की विचारतो, हिचं करायचं काय? मोठ्यांची कल्पना जगायला बहुधा फार काही लागत नाही. जवळच्या माणसाने एवढा एक प्रश्न विचारायचा नसतो. माझ्या जाड पुस्तिकेत हे नव्हतं.

सव्वीस जानेवारीला दहा-बारा दिवस असताना गुडगावच्या एका हॉटेलात माझं सेशन होतं. समोर पंचवीस मॅनेजर, आणि मागे हाताची घडी घालून बसलेले त्यांचे साहेब. त्यांना पसंत पडलं तर वर्षभराचं काम मिळणार होतं. सकाळपासून काहीच जमत नव्हतं. धुक्यामुळे अर्धे लोक उशिरा आले होते. जेवणानंतर डोळे मिटा म्हटलं तर तिघे खरोखर झोपले. विटेचे उपयोग सहाच्या पुढे गेले नाहीत. साहेबांनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं तेव्हा मी पुस्तिका मिटली. आणि मी काही न ठरवता बोलायला लागले.

"हमारे एक पड़ोसी हैं," मी म्हणाले. "सरकारी बाबू."

तीन-चार चेहरे वर झाले.

मी सांगितलं की हे पड़ोसी रविवारी गॅलरीत गोधडी टाकून बसतात आणि तारेच्या बाहुल्या करतात. पन्नाशीला आले आहेत, घरात लहान मूल नाही, तरी खेळणी. मी टँकरची रांग सांगितली. वर बघणारी बाई सांगितली. लोक हसायला लागले. हसू ऐकून मला जोर आला. मी मार्करची पक्कड केली, चष्मा नाकावर खाली ओढला, मान वाकडी केली आणि जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढलं. सभागृह फुटलं. झोपलेले जागे झाले. साहेबांनी हाताची घडी सोडली. इतकी हुबेहूब नक्कल शेजाऱ्याची कुणाला करता येत नाही, ती बायकोलाच येते, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मी तात्पर्य सांगितलं, "कल्पना तो है. पर किस काम की? इमॅजिनेशन विदाउट अ पर्पज."

टाळ्या पडत होत्या तेव्हा मी मागे चहाच्या टेबलाकडे पाहिलं. टेबलाशेजारच्या खुर्चीवर श्रीधर बसला होता. गळ्यात मफलर, हातात माकडटोपी. धुक्यात मला टॅक्सी मिळणार नाही म्हणून तो ऑफिसातून लवकर निघून आमची मारुती घेऊन मला न्यायला आला होता. कधी आला, किती ऐकलं, मला ठाऊक नव्हतं. तो हसत होता. इतरांसारखाच, खांदे हलवत हसत होता.

सेशन संपल्यावर साहेब माझ्याजवळ आले, त्यामुळे ओळख करून देणं भाग पडलं. "ये मेरे हज़बैंड."

"आप क्या करते हैं?"

"मिनिस्ट्री में हूँ जी."

एक तरुण मुलगी कौतुकाने म्हणाली, "सर, मैम के साथ तो घर में रोज़ नए आइडियाज़ आते होंगे!"

"जी, बिल्कुल," श्रीधर म्हणाला. आणि पुन्हा हसला.

परतताना संध्याकाळ व्हायची होती, पण पुढचं काहीच दिसत नव्हतं. एका ट्रकचा मागचा लाल दिवा धरून आम्ही चाललो होतो. मी खिडकीची काच खाली करून, डोकं बाहेर काढून रस्त्याची कड बघत त्याला सांगत होते. थंडीने कान दुखत होते. मध्येच तो म्हणाला, "चांगलं झालं सेशन. शेवटी लोक खुलले."

"हो," मी म्हणाले.

त्यानंतर घर येईपर्यंत तासभर होता. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं, आणि दर वेळी मी त्याच्याऐवजी म्हणत होते, "डावीकडे घे. थोडं आणखी डावीकडे."

सव्वीस जानेवारीला आवारात पांढरी चादर घातलेलं एक टेबल मांडलं होतं. झेंडावंदन झालं, मुलांनी गाणी म्हटली. टेबल रिकामं होतं. बत्रा साहेबांनी विचारलं, "श्रीधर जी, खिलौने?"

"तैयार नहीं हुए जी."

"कोई बात नहीं, अगले साल!"

"हाँ जी, ज़रूर."

मग कुणीतरी त्या टेबलावर समोशांचे ट्रे आणून ठेवले. मी हातात समोसा घेऊन उभी होते. मला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच आठवड्यात साहेबांच्या कंपनीचं पत्र आलं होतं, आणि चारचौघांत तारेच्या बाहुल्यांशेजारी उभं राहावं लागलं नाही, हे बरंच झालं असं माझ्या मनात येऊन गेलं.

फेब्रुवारीत ऊन पडायला लागलं. एका रविवारी गॅलरीत कपडे वाळत घालताना कोपऱ्यात तारेचं एक वेटोळं दिसलं. बारीक बारीक तुकडे सरळ करून, एकमेकांना पीळ देऊन जोडलेले, नीट गुंडाळलेले. सरळ केले तरी प्रत्येक तुकड्यात कुठे कुठे बाक राहिला होता, कुठे गुडघा, कुठे कोपर. पुढच्या महिन्यात त्याच तारेने त्याने कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीला जाळी बांधली. जाळी पक्की बसली. मी म्हणाले, "छान झालं हे काम." हो, हे मी म्हणाले.

मुक्ताने एकदा विचारलं, "आई, बाबांनी ते बिल्डिंगवालं मध्येच का सोडलं?"

"ऑफिसात काम वाढलंय त्यांना."

ती मान हलवून अभ्यासाला गेली. पण पुढे कॉलेजात गेल्यावर ती स्वतः लिहीत असे, आणि लिहिलेलं मला कधीच दाखवत नसे. वडिलांना दाखवायची.

इथपर्यंत लिहिलं आहे तर उरलेलंही लिहायला हवं. शेजाऱ्याची ती गोष्ट मी पुढे आणखी दोनदा सांगितली, दोन वेगवेगळ्या कंपन्यांत. कारण ती चालत होती. तिसऱ्या वेळी जिभेचं टोक बाहेर काढताना मला आरशात बघितल्यासारखं काहीतरी झालं आणि त्यानंतर मी ती बंद केली. पण बंद केली हे पुण्य नाही. तोवर माझ्याकडे दुसरे विनोद आले होते.

वर्षं गेली. मेट्रो आली, ऐंशीच्या ऐंशी घरांत दिवे लागले. तिसऱ्या मजल्यावर एक दंतवैद्य आले, मेंटेनन्स वेळेवर देणारे. श्रीधर निवृत्त झाला, मग मी झाले. बत्रा साहेब गेले. गेल्या महिन्यात त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या. सोसायटीतल्या वयस्कर मंडळींसाठी दर बुधवारी काहीतरी करावं, दिमाग चलता रहना चाहिए, तुम्ही तर हेच शिकवत होता, असं त्या म्हणाल्या. मी कपाटातून ती जुनी पुस्तिका काढली. क्लबच्या खोलीत चौदा म्हातारेकोतारे शाली पांघरून बसले होते. मी म्हणाले, या वयातही कल्पना करता येते, हात चालवा, चुकायला घाबरू नका. मिसेस बत्रा लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी हात वर केला.

"मैडम, आप खुद क्या बनाती हैं?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. एखादा नमुना मिळाला तर त्या तसं करून बघणार होत्या. चौदा जण माझ्याकडे बघत होते.

"मैं... सिखाती हूँ," मी म्हणाले.

"अच्छा, अच्छा," त्या म्हणाल्या, आणि घाईने शाल सारखी करायला लागल्या. माझी लाज त्यांनाच वाटली असावी.

घरी येऊन मी कोरा कागद घेऊन बसले. काहीही, असंच, कुणासाठी नाही. तासभर बसले. मोठ्या माणसाची कल्पना वापरावाचून मरते असं मी वर्षानुवर्षं सांगत आले होते, पण माझी मेली होती की कधी जन्मलीच नव्हती, हेही मला सांगता येईना. शेवटी त्या कागदावर मी भाजीची यादी केली.

आज सकाळी समोरची इमारत दिसेना तेव्हा मी पडदा तसाच टाकून बाहेरच्या खोलीत आले आणि श्रीधरसमोर बसले.

"तुला गुडगावचं ते सेशन आठवतं? धुक्यात तू मला न्यायला आला होतास."

त्याने वर्तमानपत्र खाली केलं. "हं."

"मी त्या दिवशी एका शेजाऱ्याची गोष्ट सांगितली होती."

"माहीत आहे की," तो म्हणाला. "त्या गोष्टीच्या सुरुवातीपासून होतो मी तिथे."

"मी फार वाईट वागले, श्रीधर. गाडीतच बोलायला हवं होतं. नाही बोलले."

"अगं, किती वर्षं झाली त्याला."

"तू खेळणी सोडलीस ती माझ्यामुळे ना?"

तो लगेच नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. पण त्याने चष्मा काढला, पुसला, आणि खरोखर विचार केला. "थोडंसं," तो म्हणाला. "तुझा राग नव्हता आला. पण तू नक्कल फार चांगली केलीस. त्यानंतर तार हातात घेतली की मला मीच दिसायचो. चष्मा, जीभ, सगळं. तार दिसायचीच नाही."

मग जे इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते, ज्याच्या आधारावर झोपत आले होते, तेच मी बोलून गेले. "पण तू हसत होतास. मी पाहिलं तुला. सगळ्यांसारखाच हसत होतास. मला वाटलं, तुला लागलं नाही."

"मग काय करणार?" तो म्हणाला. "सगळे हसतायत आणि मागे एक सरकारी माणूस मफलर गुंडाळून गप्प बसलाय. नंतर तू माझी ओळख करून देणार, हा माझा नवरा म्हणून. कुणाच्याही लक्षात आलं असतं की तो शेजारी मीच." त्याने चष्मा पुन्हा लावला. "मग तुझी केवढी पंचाईत झाली असती त्या साहेबांसमोर."

हे तो अगदी सहज म्हणाला, बस चुकली असती असं सांगावं तसं. आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

पंचवीस माणसांना त्या दुपारी मी दुसऱ्याच्या जागी उभं राहून कल्पना करायला शिकवत होते. ती केली एकाच माणसाने, चहाच्या टेबलाशेजारी बसून, आणि तीही माझ्यासाठी.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात पाणी घातलं आणि गॅस न पेटवता तशीच उभी राहिले. बऱ्याच वेळाने बाहेरून त्याचा आवाज आला, "चहा होतोय ना?"

"होतोय," मी म्हणाले.